दुसरं चालत नाही असं गिऱ्हाईक

डिचोलीतल्या आमच्या वाड्यावर सध्या कोणीच रिकामं नाही. सगळे विकतात. वाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप मुळात नळाला पाणी कधी येणार आणि गेलेली वीज केव्हा परत येणार, एवढंच एकमेकांना कळवायला काढला होता. आता पहाटेपासून त्यावर सोलं, आगळ, नारळाचं तेल, कुळथाचं पीठ, अंड्याविना केक, सुगंधी मेणबत्त्या आणि हाताने विणलेल्या मोबाइलच्या पिशव्या यांचे फोटो पडायला लागतात. मध्येच कोणी पाण्याचं विचारलं तर 'कृपया विषयाला धरून बोला' अशी त्याला समज मिळते.

अडचण एवढीच की विकणारे जेवढे, तेवढेच घेणारे, आणि माणसंही तीच. सोलंवाल्या वहिनी केक घेतात, केकवाली मेणबत्ती घेते, मेणबत्तीवाला सोलं घेतो. सकाळी एका फोनवरून निघालेले दोनशे रुपये सगळा वाडा फिरून तिन्हीसांजेला मूळ मालकाच्या फोनवर टुंग करून परत येतात. सगळ्यांची विक्री होते, नफा कोणाला होत नाही. केकामुळे वजनं मात्र वाढली आहेत.

या फेऱ्यातून बाहेर पडायचं पहिल्यांदा आगळ विकणाऱ्या माझ्या भाच्याने ठरवलं. ऑनलाइन धंद्यासाठी नफ्याचं गिऱ्हाईक कसं शोधावं, याचा त्याने रीतसर पैसे भरून कोर्स केला. शिकवणारे गुरू वयाने त्याच्याहून लहान. ते कायम उभ्या गाडीत बसून शिकवतात. अख्ख्या कोर्सात गाडी एकदाही हलली नाही, पण सीटबेल्ट लावलेला असतो. त्यांचा पहिला धडा : सगळ्यांना विकू नका. इथपर्यंत ठीक आहे, आमच्या वाड्याचं तेवढं शिक्षण फुकटात झालं होतं. दुसरा धडा : तुमचं आदर्श गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा आणि त्याचं बारीकसारीक वर्णन लिहून काढा. भाच्याने वहीत लिहिलं : स्त्री, वय बत्तीस, बेंगळुरूत नोकरी, पगार उत्तम, एकटी राहते, सेंद्रिय वस्तूंची आवड, ग्रीन टी घेते, एक कुत्रा आहे.

वही माझ्या बहिणीच्या हाती लागली. पगारापर्यंत वाचून ती प्रसन्न झाली, ग्रीन टी तिने सोडून दिला, कुत्र्यापाशी थोडी अडखळली. रात्री मला फोन आला. "मुलगी चांगली दिसते. पण गाव कुठलं ते त्याने लिहिलेलं नाही. मामा म्हणून तू जरा आडून विचार."

मी उघडच विचारलं. त्यावर त्याने मला हजार भक्तांचं शास्त्र ऐकवलं. ते काही त्या उभ्या गाडीतलं नाही, केव्हिन केली या अमेरिकन लेखकाचं आहे. 2008 साली त्याने एक निबंध लिहिला. त्यातलं गणित सोपं : कलावंताला लाखो चाहते लागत नाहीत, तो जे करील ते विकत घेणारे हजार खरे चाहते पुरेत. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर दिले की झाले एक लाख डॉलर. त्याच्याआधी चार वर्षं, 2004 मध्ये, ख्रिस अँडरसनने 'वायर्ड' मासिकात मांडलं होतं की इंटरनेटवरच्या दुकानाला फळीची मर्यादा नसल्यामुळे क्वचित खपणाऱ्या वस्तूलाही तिथे जागा मिळते आणि तिचा एखादा घेणारा जगात कुठून तरी उगवतोच. दोघंही हुशार माणसं. पण दोघांनाही गोव्यातले नातेवाईक नव्हते.

कारण भाच्याने हजारातले पहिले चारशे भक्त नातलगांत मोजले होते. बारशा-लग्नाच्या आमंत्रणांच्या याद्या काढल्या तर आकडा बरोबरच होता. फक्त नातेवाईक भाव विचारत नाहीत हे त्याला सुलक्षण वाटलं. भाव विचारत नाहीत, कारण पैसे द्यायचे नसतात. "घरचंच आहे, ठेव दोन बाटल्या पिशवीत" असं म्हणून त्याचं आगळ मडगावपासून वाळपईपर्यंत पोचलं. त्या एका वर्षी सगळ्या गोतावळ्याचं पित्त शांत होतं.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, एकाच नेमक्या गिऱ्हाइकावर जगायचं म्हणजे काय हे शिकायला गाडीतल्या गुरूकडे कशाला जातोस? दारात ट्रक उभा आहे, त्याला विचार.

ट्रक भावोजींचा. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की डिचोली तालुक्याला कितीतरी वर्षं एकच गिऱ्हाईक होतं आणि ते परदेशात राहत होतं. आमच्या डोंगरातलं लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचं, देशातल्या पोलाद कारखान्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. आधी जपानने घेतलं, काही दशकं घेतलं. पुढे चीनला भूक लागली. 2008 चं बीजिंग ऑलिंपिक येऊ घातलं तेव्हा तर पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला लोटलेल्या मातीलाही भाव आला. ट्रकांच्या रांगा सारमानसच्या धक्क्यापर्यंत, तिथून बार्जी मांडवीतून मुरगावला, आणि तिथून जहाज. 2010-11 च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला चार-पाच कोटी टन खनिज बाहेर जात होतं. आमच्याकडे कपडे वाळत घालायचे ते लाल व्हायलाच. तक्रार करणारा घरात जाऊन ट्रकाचा हप्ता भरत असे.

त्या काळात डिचोलीतल्या माणसाला त्याचं आदर्श गिऱ्हाईक कोण असं विचारलं असतं तर त्याने वय, आवड, कुत्रा काही सांगितलं नसतं. गिऱ्हाइकाचं तोंडच कोणी पाहिलेलं नव्हतं. भावोजींनी इतक्या वर्षांत एकही चिनी माणूस पाहिला नाही. एकदा म्हापशाच्या बाजारात पाहिला असं ते सांगायचे, तो नेपाळी निघाला.

मग 2012 आलं. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, तोवर ऑस्ट्रेलियाचा माल बाजारात ओतला गेला होता आणि भाव कोसळले होते. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 88 लीझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून परत सगळं बंद झालं. खाणींनी काय खाल्लं आणि काय दिलं, हा हिशेब वेगळा आहे. झरे आटलेल्या गावांतला माणूस तो माझ्याहून नीट मांडील. इथे मुद्दा गिऱ्हाइकाचा. आम्हाला वाटत होतं चीनला आमच्याशिवाय करमत नाही. चीनने एक दिवसही सुतक पाळलं नाही. त्याला दुसरं चालत होतं.

भावोजींच्या ट्रकाच्या हौद्यात तेव्हापासून उन्हाळ्यात सोलं वाळतात. पत्रा तापतो चांगला.

आता पेडण्याकडे या. तिकडचं गिऱ्हाईक निदान दिसतं तरी. दिसतं म्हणजे पुरेपूर दिसतं, मोरजीच्या किनाऱ्यावर ते ऊनच घ्यायला आलेलं असतं. हिप्पी आधी कळंगुट-हणजुण्याला रमले. तिथे गर्दी झाली तशी त्यांच्यातली निवांतपणाची हौस असलेली मंडळी नदी ओलांडून हरमलला सरकली, मागोमाग मांद्रे, आश्वे, मोरजी भरली. मोरजीत रशियन इतके आले की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या. दहावीला इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेली पोरं ती लिपी घडाघडा वाचू लागली, कारण या परीक्षेचा निकाल रोज संध्याकाळी गल्ल्यात दिसत होता. जेवणाच्या कार्डावर बोर्श्त आणि पेल्मेनी आले. किराणा दुकानात ग्रेच्का आली. ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे दाणे. आपल्याकडे उत्तरेतली माणसं त्याचं पीठ उपासाला खातात, रशियन ते भातासारखं रोज खातो. पेडण्यातल्या ज्या दुकानदाराने पहिल्यांदा ग्रेच्काची गोणी आणली त्याला मी मनातून नमस्कार करतो. त्याने कुठलाही कोर्स केला नव्हता. एक गोरी बाई रोज येऊन काय मागते आणि नाही म्हटल्यावर दुसरं काहीही न घेता का जाते, एवढंच त्याने लक्षात ठेवलं होतं.

माझी या विषयातली सगळी विद्या त्या दुकानदाराच्या लक्षात ठेवण्यात सामावली आहे. गिऱ्हाइकाचं वय विचारू नये, पगार विचारू नये. मासळीबाजारात इसवण नसली तर 'बरं, बांगडे द्या' म्हणणारा माणूस हा कोणाचाच नसतो. इसवण नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन घरी जाणारा, घरी बोलणी खाणारा आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येणारा, तो गिऱ्हाईक. त्याला दुसरं चालत नाही.

मात्र यातही एक मेख आहे, आणि ती मोरजीने आम्हाला शिकवली. माणूस हट्टी असतो, पण कशासाठी हट्टी आहे ते नीट पाहावं लागतं. ग्रेच्कासाठी अडून बसणारा रशियन मोरजीसाठी अडून बसेलच असं नाही. 2014 च्या शेवटी रूबल गडगडला आणि चार्टर विमानं रोडावली. तेव्हा पेडण्यातली माणसं सकाळी पेपर उघडून आधी मरणाच्या जाहिराती आणि मग रूबलचा भाव बघू लागली. पुढे 2020 ला विमानंच थांबली, नंतर तिकडे युद्ध सुरू झालं. मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडली कासवं मात्र रूबल पडो की चढो, आपल्या हंगामाला येतात. काही विकत घेत नाहीत, तेवढंच.

मध्यंतरी 5 जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ चालू झाला आणि पेडणे तालुक्यात दर दोन घरांत एकाला नवं गिऱ्हाईक दिसायला लागलं. मांद्र्याचा माझा मावसभाऊ खोल्या भाड्याने देतो. पूर्वी भाडेकरू येऊन विचारायचा, पाणी किती वाजता येतं? आताचा भाडेकरू लॅपटॉप छातीशी धरून येतो आणि विचारतो, अपलोड किती येतं? मावसभावाने विहिरीकडे बोट दाखवून "बारमाही" असं उत्तर दिलं होतं. शेजारच्याने योगासनांचा वर्ग काढला, म्हणजे जागा दिली. दोनशे तासांत योगशिक्षक करून सोडतात. मावसभावाचं म्हणणं असं की पेडण्यातल्या किनाऱ्यावर योग शिकणारे आता उरलेलेच नाहीत, सगळे शिक्षक झाले. पलीकडच्याने फक्त मौन पाळणाऱ्यांसाठी खोल्या केल्या. कल्पना उत्तम, गिऱ्हाईक नेमकं, भाडं दुप्पट. पण खोल्या त्याने बांधल्या त्या मासळीच्या रस्त्याला लागून. सकाळी सातला मासेवाला भोंगा वाजवत येतो, आणि ज्यांना बोलायची बंदी त्यांना त्याला गप्प बस म्हणता येत नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने वहीतली बेंगळुरूची बाई खोडली (बहिणीला दोन दिवस वाईट वाटलं) आणि नव्या पानावर एकच प्रश्न लिहिला : आपल्याकडे कोणाला काय नाही मिळालं तर तो जेवणार नाही?

उत्तर त्याच्या आईनेच दिलं, आणि तेही उत्तर म्हणून नव्हे. चवथ जवळ आली होती आणि कवंडळ मिळत नाही म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातलं-बागेतलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते सगळं बांधायचं. नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंग, आंबाडे, निरफणस, चिबूड ही झाली बागेतली मंडळी. खरी परीक्षा रानातल्यांची. कांगलं, लालभडक कवंडळ, वाऱ्याने खुळखुळणाऱ्या घागऱ्या, पिवळी हरणं. बांधायचं तेही केवणीच्या दोराने, सुतळीने नव्हे. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत डिचोलीचा बाजार याच मालाने भरतो. सत्तरीकडच्या रानातून बाया डोक्यावरून हे घेऊन येतात आणि जो माणूस एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून वाद घालतो, तो दोन कवंडळांना सांगतील तो भाव देऊन वर आभार मानतो. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं. स्पर्धेत उतरणारी घरं तर शेकड्यांनी वस्तू गोळा करतात, महिनाभर आधीपासून रानं पालथी घालतात आणि कोणतं फळ कुठल्या वळणावर दिसलं हे सख्ख्या भावाला सांगत नाहीत.

या गिऱ्हाइकाचं वर्णन करून पाहा. वय कितीही. पगार असो नसो. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहतो, पुण्यात राहतो, दुबईत राहतो. छताला हूक नाही म्हणून भिंतीला भोक पाडून सोसायटीशी भांडतो. आणि कवंडळाच्या जागी टोमॅटो बांधू का असं विचारलं तर बोलणं टाकतो. रूबल पडला म्हणून चवथ पुढे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने आजवर कवंडळाला हात लावलेला नाही.

भाच्याने माटोळीचा तयार संच विकायला काढला. खोका, आत कागदी कप्पे, प्रत्येक फळाला नावाची चिठ्ठी आणि केवणीच्या दोराचं भेंडोळं. जाहिरात केली नाही, फक्त गोव्याबाहेर गेलेल्यांच्या दोन-तीन ग्रुपवर फोटो टाकला. मागणी इतकी आली की बहिणीने पहिल्यांदा त्याला स्वतःहून चहा करून दिला.

मग माल निघाला आणि निसर्गाने आपली बाजू मांडली. पिकलेलं कवंडळ हे पाठवण्यासाठी जन्मलेलंच नाही. ते खोक्यात दुसऱ्या दिवशी फुटतं आणि शेजारच्या हरणांना लाल करतं. चिबूड वासाने सगळ्या गोदामाला आपला पत्ता सांगतो. घागऱ्यांच्या शेंगा फुटून त्यांतले दाणे खोक्याच्या तळाला जमले. एका गिऱ्हाइकाने लिहिलं, घागऱ्या आल्या पण वाजत नाहीत, खोका वाजतो. मुंबईतल्या एका काकांचा संच पंचमीला पोचला. दीड दिवसाचा गणपती तोवर विसर्जन होऊन गेलेला. काकांनी पैसे परत मागितले नाहीत. त्यांनी फोन करून भाच्याला वीस मिनिटं नुसतं ऐकवलं, आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी चार दिवस आधी पाठव." काकांना दुसरं चालत नव्हतं. मला त्या क्षणी खात्री पटली की धंदा बसणार. शिव्या देऊन पुढच्या वर्षाची मागणी नोंदवणारा माणूस शंभर डॉलरवाल्या भक्ताहून पक्का.

दुसऱ्या वर्षी बहिणीने कारभार हातात घेतला. कवंडळं हिरवट असतानाच खुडायची, पोचेपर्यंत रंग धरतात. घागऱ्या कागदात नाही, भाताच्या तुसात. चिबूड बंद. चिबूड हवा त्याने स्वतः डिचोलीत यावं.

त्याच वर्षी मांद्र्याला राहणाऱ्या एका रशियन बाईची मागणी आली. आम्हाला भरून आलं. संस्कृतीची ओढ वगैरे विषयांवर मी वाड्यावर थोडं बोललोसुद्धा. बाईने पुढच्या खेपेला दहा संच मागितले. एवढे गणपती एकटी बाई बसवते कुठे, म्हणून भाच्याने तिचं पान उघडून पाहिलं. तिने आमची माटोळी गोल रिंगणाला बांधून 'उष्णकटिबंधीय झुंबर' म्हणून विकायला ठेवली होती, पाचपट किमतीला. माल जात होता बेंगळुरूला. एका खरेदीदारणीने फोटोही टाकला होता. दिवाणखाना, वर आमची कांगलं, खाली ग्रीन टीचा कप, आणि घागऱ्यांकडे टक लावून बसलेला कुत्रा. बहिणीने तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "घर नीटनेटकं ठेवलंय हो," एवढंच म्हणाली.

आता यातला खरा दोष. आमच्याकडे कोणाची कल्पना चालली की ती लपवता येत नाही. अमेरिकेतल्या त्या दोन लेखकांनी स्पर्धेचा विचार केला असेल, चुलत्यांचा केला नसावा. तिसऱ्या वर्षी वाड्यावर माटोळीच्या संचाची पाच दुकानं झाली. सोलंवाल्या वहिनी, केकवाली, सगळी. एकाने 'बारका गणपती, बारकी माटोळी' काढली. एकाने प्लास्टिकची काढली, धुऊन दरवर्षी वापरता येणारी. तिला त्याने 'पर्यावरणपूरक' म्हटलं, कारण रानातलं काही तोडावं लागत नाही. कवंडळांचा भाव रानातल्या बायांनी एका रात्रीत तिप्पट केला आणि त्यात माझं मत त्यांच्या बाजूने आहे. सगळ्या साखळीत काट्यातून चालणाऱ्या त्याच होत्या. चौथ्या वर्षी चुलत-चुलत भावाने माटोळी कशी विकावी याचा ऑनलाइन वर्ग काढला. तो ट्रकात बसून शिकवतो. ट्रक आमच्याच दारातला, सोलं बाजूला सारून.

भाच्याने थोडे दिवस दशावताराचा नाद केला. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जत्रांत रात्रभर चालणारी नाटकं कॅमेऱ्यात धरून यूट्यूबवर टाकायची. हे इतरही बरेच जण करतात आणि बघणारे हट्टीपणात कोणाला ऐकणारे नाहीत. आखातात रात्रपाळीला बसलेला पेडणेकर ते पहिल्या नमनापासून भैरवीपर्यंत पाहतो आणि खाली लिहितो की दोन तास चाळीस मिनिटांनी तबलजीला डुलकी लागली होती. पण ऐन संकासुराच्या प्रवेशाला गृहकर्जाची जाहिरात लागते, आणि तिचे पैसे येतात ते कॅमेऱ्याच्या बॅटरीलाही पुरत नाहीत. प्रेक्षक हट्टी असून भागत नाही, तो काहीतरी विकत घेणारा असावा लागतो.

सध्या तो घुमटांवर आहे.

घुमट हे मातीचं वाद्य, मडक्यासारखं, दोन्हीकडे तोंड, मोठ्या तोंडावर कातडं. चवथीच्या आरत्या त्याच्याशिवाय होत नाहीत. सोबत शामेळ आणि कासाळं. 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं लावतात, आणि तिथूनच सगळी भांडणं सुरू होतात. जुन्या वाजवणाऱ्यांच्या मते तो नाद गेला. नव्यांच्या मते आहे तोच खरा. कोणतीही दोन घुमटं एकसारखी बोलत नाहीत, म्हणून कोणी फोटो बघून घेत नाही. नकलेची भीतीही कमी. चुलत्यांना मडकी मिळतील, पण कातडं कसं ताणायचं आणि किती, हे वर्षानुवर्षं हात मारलेल्या माणसाशिवाय जमत नाही. तसा एक म्हातारा भाच्याने गाठला आहे. कोणत्या गावचा ते मला माहीत आहे, लिहिणार नाही.

विक्री फोनवर होते. भाचा फोन पाटावर ठेवतो, म्हातारा घुमट मांडीवर घेतो, आणि पलीकडे मुंबईत, दुबईत, इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये कोणीतरी डोळे मिटून बसलेलं असतं. स्विंडनला गोंयकार पुष्कळ आहेत. तिथल्या एकाने परवा लागोपाठ सहा घुमटं ऐकली. भाव विचारला नाही. सहावं झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आवाज ओला येतोय. तिकडे पाऊस आहे का?"

होता. श्रावणातला, धो धो.

"मग पाऊस थांबल्यावर वाजवा. मी परत करतो फोन."

पाऊस थांबायला ऑक्टोबर उजाडतो, आणि चवथ त्याच्या कितीतरी आधी येते. हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण मागोमाग त्याचा संदेश आला : चवथीच्या आधी पोचलं पाहिजे, दुसरं चालणार नाही. तेव्हापासून बहिणीच्या न्हाणीघरात चुलीभोवती अकरा घुमटं शेकत ठेवलेली आहेत. वाफेने कातडं सैल पडतं म्हणून तिथे पाणी तापवायची सक्त मनाई आहे. भावोजी थंड पाण्याने आंघोळ करतात, आणि पहिल्या तांब्याला त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकून म्हातारा परवा म्हणाला, "हा सूर चांगला आहे."